उणे चारशे युरो

धुळीची किंमत ठरवून देणारा अधिकृत माणूस मिळतो, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी एकतीस वर्षं मी मोजणी खात्यात काढली. लोकांच्या जमिनी सेंटिमीटरपर्यंत मोजल्या, कुंपणावरून जुंपलेले शेजारी वेगळे केले, आणि एकदाही चिखलाच्या बुटांनी कचेरीत पाऊल ठेवलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून हा गृहस्थ जन्माचाच गबाळा असावा असा समज होण्याचा संभव आहे. आमच्या इमारतीतल्या इतर पाचही बिऱ्हाडांचा तो केव्हाच झालेला आहे.

तळघरातल्या गॅरेजात सात नंबरच्या जागेवर माझी गाडी उभी असते. मर्सिडीज पाचशे ई, १९९२ सालची, गडद निळी. बाहेरून बघाल तर साधी चार दारांची गाडी, पण पुढच्या झाकणाखाली आठ सिलिंडरांचं धूड. मी ती २००१ साली घेतली तेव्हा ती नुसती जुनी होती. आता ती संग्राह्य आहे. मधल्या काळात गाडीत काहीही फरक पडलेला नाही, फक्त लोक बदलले.

त्या काळी आमच्याकडच्या निम्म्या टॅक्स्या याच चेहऱ्याच्या असत. एकदा आमच्या एस्लिंगन गावच्या स्टेशनासमोर माझ्या बायकोची, गुड्रुनची वाट बघत थांबलो होतो, तर एक आजीबाई सरळ मागच्या सीटवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दवाखाना, आणि जरा जपून." मी माझी खात्यातली हुद्द्याची जागा वगैरे त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुड्रुन पुढच्या सीटवर येऊन बसली आणि म्हणाली, "चला ड्रायव्हर." मी गेलो. आजीबाईंनी दोन युरो वर दिले. गुड्रुन पुढे कित्येक वर्षं ओळख करून देताना "हे माझे यजमान, मोजणी खात्यात असतात, फावल्या वेळात टॅक्सी" असं सांगायची.

ही गाडी बनवताना म्हणे तिचे चाकांवरचे फुगवटे कारखान्याच्या पट्ट्यावरून जाईनात, म्हणून ती दोन कारखान्यांत फिरवून बरीचशी हातांनी जोडली. गुड्रुनला ही हकीकत फार आवडायची. "कमरेत मावली नाही म्हणून हातांनी करावी लागली," असं म्हणून ती स्वतःच्या कमरेवर हात ठेवायची.

आता मुद्द्यावर येतो. २०१९ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्या बहिणीच्या बागेत प्लम वेचायला वर आल्बच्या पठारावर गेलो होतो. तिथला रस्ता कच्चा, चुनखडीचा. परत आलो तेव्हा निळी गाडी पांढरी झाली होती. मी गाडीची पाठ भिंतीकडे करून ती सात नंबरात लावली. गुड्रुन टोपल्या काढायला मागे गेली आणि तिने मागच्या काचेवर बोटाने लिहिलं, "मोजणीदार, आता तरी धू मला!" खाली दोन रेघा ओढल्या. मी म्हणालो, शनिवारी धुतो. शनिवारी ती इस्पितळात होती. त्यानंतर तीन आठवडे, आणि मग संपलंच.

मी गाडी धुतली नाही. एवढीच गोष्ट आहे. बाकीचं सगळं माझ्या मूर्खपणाने झालं.

गाडी रस्त्यावर काढणं सोडलं, नंबरप्लेट उतरवून दिली, पण रोज सकाळी पाव आणायला निघालो की आधी मी तळघरात उतरायचो. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये आडवा होऊन शिरायचो आणि ते वाचायचो. वरून नवी धूळ बसत होती. पहिल्या वर्षी अक्षरं काळी, स्वच्छ दिसत. तिसऱ्या वर्षी ती राखाडी झाली. चौथ्या वर्षी दिवा तिरका धरावा लागे. मी मोजणारा माणूस. मनात हिशेब केला, आणखी पाच वर्षं पुरतील. पाच वर्षांनी मी त्र्याहत्तरचा. म्हटलं, तेवढं चालेल.

हे कुणाला सांगायचं? आमच्या भागात माणसं बायकोच्या आठवणीने रडत नाहीत, जिना पुसतात. ज्यांना आमची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दर आठवड्याला एका बिऱ्हाडाच्या दाराला एक पाटी लटकते. पाटी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना, दिंडी, तळघर आणि रस्त्याकडची फरशी झाडून-पुसून लख्ख करायची. माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या फ्राऊ शॉयफेले, वय एकोणऐंशी, पाटी नसलेल्या आठवड्यातही आपलं अर्धं लँडिंग पुसतात, आणि माझ्या अर्ध्याकडे बघून सुस्कारा टाकतात. कचऱ्याचे डबेसुद्धा त्या आतून धुतात. अशा घरात मी चार वर्षं न धुतलेली गाडी ठेवली होती.

"हेर हाइब्ले," त्या एकदा जिन्यात म्हणाल्या, "गाडीला काही झालंय का?"

"नाही."

"मग तुम्हाला?"

"नाही."

"नाही, विचारलं आपलं. पाणी महाग झालंय म्हणतात."

असे टोमणे मी चार वर्षं गिळले. पण गेल्या मार्चमध्ये तळमजल्यावरच्या हेर माउखनी मला गॅरेजात गाठलं. हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वतःची गाडी दर शनिवारी धुतात आणि इतरांची मनातल्या मनात. ते बादली घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हाइब्ले, माझं पाणी उरलंय. दोन मिनिटांत मागची बाजू काढून देतो."

ते खरोखरच मागे निघाले. माझ्या तोंडातून निघून गेलं, "हात लावू नका! धुतली की किंमत उतरते!"

दाताच्या दवाखान्यात एकदा गाड्यांचं मासिक चाळलं होतं. त्यात लिहिलं होतं की कोठारात विसरलेल्या गाड्यांना धुळीसकट विकलं तर गिऱ्हाईक जास्त मोजतं. त्यातलं दुसरं काहीही मला आठवत नव्हतं. पण माउखनी बादली खाली ठेवली.

"किती उतरते?" त्यांनी विचारलं. बँकवाल्याला हा एकच प्रश्न येतो.

"बरीच," मी म्हणालो.

ते एक वाक्य खरं बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. "माझ्या बायकोचं अक्षर आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण बादलीवाल्या माणसासमोर ते मला म्हणवेना.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टपालपेटीत कात्रणं पडू लागली. कुठल्या लिलावात कुठल्या पाचशे ईला काय भाव आला, लाल खुणेसकट. माउखना आयुष्याच्या उत्तरार्धात ध्येय सापडलं होतं. त्यांनी मला समजावलं की या गाड्यांना शाळेसारखे एक ते पाच गुण असतात. एक म्हणजे कोरी, पाच म्हणजे भंगार. माझी धुऊन तीन भरेल, पण न धुता ती या गुणांच्या पलीकडे जाते. "अस्पर्शित!" ते म्हणाले. हा शब्द त्यांनी जिन्यात इतक्यांदा उच्चारला की दुसऱ्या मजल्यावरून विचारणा झाली, विषय नेमका कुणाचा चाललाय.

फ्राऊ शॉयफेल्यांचा मात्र विश्वास बसेना.

"धुळीचे पैसे येतात?" त्यांनी मला पायरीवर थांबवून विचारलं.

"तसं म्हणतात खरं."

"मग पन्नास वर्षं मी काय बाहेर टाकत होते?" त्या म्हणाल्या आणि बराच वेळ हातातल्या झाडूकडे बघत राहिल्या.

एप्रिलमध्ये घरमालकांची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिकेवर सातवा विषय: "सात नंबरच्या जागेवरील धूळ." माउखनी निवेदन केलं की सदर धूळ सामायिक गॅरेजात, सामायिक हवेतून साचलेली असल्याने तिच्यामुळे होणाऱ्या मूल्यवाढीत इतरांचाही वाटा निघू शकतो, त्यांची मागणी नाही, केवळ नोंद व्हावी. मला उठून उभं राहावं लागलं. मी सांगितलं की धुळीचे दोन थर आहेत, खालचा पांढरा थर आल्बचा, माझा खाजगी, आणि वरचा करडा थर तेवढा सामायिक. माझा आवाज कापत होता. सगळ्यांना वाटलं, पैशाच्या लोभाने कापतोय. व्यवस्थापक कंपनीच्या बाईंनी इतिवृत्तात लिहिलं, "थरांबाबत एकमत नाही." शिवाय त्यांनी एक फाटा फोडला: गाडी इतकी मौल्यवान असेल तर आगीच्या विम्यासाठी किमतीचा अहवाल लागेल, नाहीतर नंबरप्लेट उतरवलेली गाडी गॅरेजात ठेवता येणार नाही. मुदत सहा आठवडे.

अशा रीतीने हेर त्स्वेरेन्त्स आमच्या घरी आले. गाड्यांची किंमत करणारे, शपथ घेतलेले तज्ज्ञ. निमुळत्या बोटांचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं, गाडीखाली आरसा सरकवला, आणि सर्व्हिसची वही चाळत प्रत्येक शिक्क्याला मान डोलावली. गाडी उभी करेपर्यंतच्या अठरा वर्षांत मी एकही शिक्का चुकवलेला नव्हता. सकाळपासून मागे मागे असलेले माउख दिव्यासाठी लांब वायर आणायला वर गेले होते. त्स्वेरेन्त्स दिवा घेऊन गाडी आणि भिंत यांच्यामध्ये शिरले. माझ्या जागेवर माझ्याखेरीज कुणी शिरल्याची ती पहिलीच वेळ.

"अरेरे," ते म्हणाले.

"काय झालं?"

"धूळ उत्तम आहे हो. सलग, न हललेली. पण इथे कुणीतरी बोटं फिरवलीत." ते वाकून बघत होते. "काहीतरी खरडलंय. पोरांचं काम. एवढ्यानं नजरेला खटकतं. हरकत नसेल तर डिकीवरची थोडी धूळ ब्रशने इकडे सरकवतो, बुजून जाईल. कळणारसुद्धा नाही."

त्यांनी खिशातून खरंच एक मऊ ब्रश काढला. मी त्या फटीत घुसलो आणि त्यांचा हात धरला. त्याआधी मी आयुष्यात परक्या माणसाचा हात धरलेला नव्हता.

"ते आहे तसंच राहू द्या," मी म्हणालो. "ते मूळचं आहे."

"मूळचं म्हणजे कारखान्यातलं?"

"नाही. नंतरचं."

"मग ते मूळचं नव्हे," ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

आठ दिवसांनी अहवाल आला. एकूण किंमत एकेचाळीस हजार सहाशे युरो. इंजिन, आतलं चामडं, शिक्क्यांची वही यांचा गौरवाने उल्लेख. अस्पर्शित स्थितीबद्दल अधिक दोन हजार. आणि चौथ्या पानावर: "मागील काचेवर बोटाने केलेली नासधूस, उणे चारशे युरो." गुड्रुनच्या अक्षरांची ही बाजारातली किंमत. मी ते पान स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "ऐकलंस? चारशे." ती असती तर म्हणाली असती, चारशेत चार ओळी लिहिल्या असत्या. मी हसलो, आणि मग डाळ गॅसवर करपेपर्यंत तसाच बसून राहिलो.

इमारतीत किंमत जाहीर झाली आणि माझी प्रतिष्ठा एका दिवसात पालटली. काल मी गबाळा होतो, आज धूर्त झालो. हाइल्ब्रोनहून एका दंतवैद्याचा फोन आला, गाडी धुळीसकट हवी म्हणाला, काच झाकून नेईन म्हणाला. मी नाही म्हटल्यावर माउखनी माझी पाठ थोपटली. "ताणा," ते म्हणाले, "अजून दोन वर्षं ताणा!" दोन वर्षं ताणायचं माझ्या मनात होतंच, पण भावासाठी नव्हे.

मे महिन्यात नोटीस लागली. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं, चाकांबरोबर आत आलेलं मीठ काढण्यासाठी गॅरेज मंगळवारी यंत्राने धुणार, सर्व वाहनं बाहेर काढावीत. माझ्या गाडीची बॅटरी मेलेली, नंबरप्लेट नाही, बाहेर पाऊस. मी व्यवस्थापक बाईंना पत्र लिहिलं, विम्याचा अहवाल जोडला, मूल्यऱ्हासाचा धोका दाखवला. उत्तर आलं: परवानगी आहे, मात्र वाहनाचे शिंतोड्यांपासून रक्षण मालकाने स्वखर्चाने करावं.

रक्षण कसं करणार? चादर टाकली तर चादरच धूळ पुसणार. शेवटी मी घरातले कपडे वाळवायचे दोन्ही स्टँड खाली आणले, एक गाडीच्या मागे भिंतीशी, एक टपाला न टेकता वर बांधला, आणि त्यांच्यावर गुड्रुनचे टेबलक्लॉथ पिना लावून टांगले. ईस्टरचा, नाताळचा, आणि एक बदकांचा. मग सकाळी सात ते दुपारी तीन मी घडीच्या खुर्चीवर छत्री घेऊन त्या तंबूसमोर बसलो. यंत्र चालवणारा माणूस दर फेरीला माझ्याकडे बघायचा. चौथ्या फेरीला त्याने यंत्र थांबवून विचारलं, "काका, आत कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

एकही शिंतोडा उडू दिला नाही. पण आठ तास त्या गारठ्यात वाकून बसल्याने आणि स्टँड उचलल्याने माझा जुना हर्निया उफाळला. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, आजच कापू. पिशवी भरायलासुद्धा जेमतेम वेळ मिळाला. तंबू तसाच राहिला.

आणि त्या आठवड्यात पाटी फ्राऊ शॉयफेल्यांच्या दाराला होती.

सोमवारी दुपारी मी टॅक्सीने घरी आलो. टाके ओढत होते, पण आधी तळघरात गेलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच मला चमक दिसली. सात नंबरात एक गडद निळी गाडी उभी होती. नळीचा दिवा तिच्या टपावर सरळ रेषेत पडला होता. टेबलक्लॉथ इस्त्री करून, घडी करून पुढच्या झाकणावर ठेवले होते, बदकं वरती.

मी मागे गेलो. काचेत मला भिंत दिसली आणि मी दिसलो. दिवा तिरका धरला, सरळ धरला, काचेवर श्वास सोडला. काही नव्हतं. फ्राऊ शॉयफेले अर्धवट काम करत नाहीत.

जिना कसा चढलो ठाऊक नाही. त्यांनी बेल वाजताच दार उघडलं, जणू दाराशीच उभ्या होत्या. तोंडावर हसू होतं. ओव्हनमधून केकचा वास येत होता.

"पाहिलीत?" त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडलो. एस्लिंगनच्या त्या जिन्यात मी पहिल्यांदाच ओरडत होतो. खाली एक दार उघडलं, ते माउखचं. "कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

हसू गेलं, पण त्या मागे सरकल्या नाहीत. "गुड्रुननं," त्या म्हणाल्या.

"गुड्रुननं?" मी विचारलं.

"मागची फरशी पुसायची होती म्हणून तुमचं ते पाल बाजूला करून टॉर्च मारला. तर काचेवर तिचं अक्षर. मी ओळखणार नाही होय? माझा पाय मोडला होता तेव्हा सहा आठवडे माझी पाटी तिने आपल्या दाराला लावली, आणि रोज चिठ्ठी टाकायची, 'जिना झाला, झोपून राहा.' त्या चिठ्ठ्या आहेत माझ्याकडे." त्यांचा आवाज चढला. "तिनं तुम्हाला सांगितलं होतं, हेर हाइब्ले. लेखी सांगितलं होतं! चार वर्षं. आणि तुम्ही धुळीचे भाव करत बसलात. मला त्या सहा आठवड्यांची फेड करायची राहून गेली होती. म्हटलं, तिचं एवढं एक काम तरी कुणीतरी करावं. तुमचं नुकसान झालं असेल ते सांगा. पासबुक आत आहे, भरून देते."

"नुकसान," मी म्हणालो. मी त्यांच्या लख्ख पायरीवर, बुटांसकट, खाली बसलो. "फ्राऊ शॉयफेले, भाव वगैरे काही नव्हतं हो. मी ते माउखना थापच मारली होती. मी गाडी धुतली नाही ती त्या अक्षरांसाठी. रोज वाचायला जात होतो. ते तिचं शेवटचं होतं."

त्या एप्रनचं टोक धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि दार हळूच लावून घेतलं. केक करपल्याचा वास जिन्यात येईपर्यंत मी तिथेच बसून होतो. त्या बाईंच्या घरात केक करपल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मंगळवारी त्यांच्याकडून टोमणा नाही, सुस्कारा नाही. बुधवारी माउख आले. त्यांना जिन्यातलं सगळं ऐकू गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. बहुधा ओरडणं तेवढं ऐकू गेलं असावं. त्यांनी माझ्या पाठीमागे त्स्वेरेन्त्सना फोटो पाठवून सुधारित अंदाज मागवला होता, मला धीर द्यायला.

"घाबरू नका," त्यांनी कागद नाचवला. "अस्पर्शित स्थितीचे दोन हजार गेले, कबूल. पण खालचा रंग इतका सुंदर निघालाय की अडीच हजार चढले! शिवाय, हे बघा, 'मागील काचेवरील नासधूस दूर झाल्यामुळे, अधिक चारशे.' हाइब्ले, तुम्ही नऊशेने फायद्यात आहात!"

मी कागद घेतला, आभार मानले आणि दार लावलं. एका माणसाने मनापासून आणलेली आनंदाची बातमी होती. तिच्याकडे बघत मी लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो, टाक्यांवर हात दाबून. चार वर्षांत मी रडलो नव्हतो. धूळ होती तोवर गरज पडली नव्हती.

गुरुवारी सकाळी बेल वाजली. फ्राऊ शॉयफेले उभ्या होत्या, रविवारचा कोट घालून, हातात मुरंब्याची बरणी. दर वर्षी त्या प्लमचा मुरंबा देतात, तशीच, रबराची कडी लावलेली. मी म्हणणार होतो की एवढं मनाला लावून घेऊ नका. पण बरणीत मुरंबा नव्हता. एक घडी केलेलं पिवळं फडकं होतं, आणि ते पांढरं झालं होतं.

"काचेवर पहिला हात मी कोरड्या फडक्याने मारते," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आधीच ओलं लावलं की चिखल होतो. पाणी नंतर. म्हणून वरची सगळी यातच आली. धुण्याची खोली मला शुक्रवारी असते, म्हणजे उद्या. त्यामुळे ते टोपलीतच पडून होतं. सोमवारी तुम्ही बोललात, तेव्हा काढून ठेवलं."

मुरंब्यांना लावतात तशी चिठ्ठी त्यांनी बरणीवर चिकटवली होती. आपल्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: "गुड्रुन. मागची काच. ऑक्टोबर २०१९."

मी बरणी दोन्ही हातांनी घेतली. अजिबात वजन नव्हतं.

"अक्षरं काही मी परत आणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण धुतलं नाही मी हे, हेर हाइब्ले. पाच दिवस माझ्या घरात तसंच आहे. धुतलं नाही."